ठिणगी पडू नये म्हणून

“पिशवी अजून उघडायची नाही, खिलारेदादा. आधी ती लोखंडी पेटीला टेकवा. हं, तशीच. आता दुसरा हातही पेटीवर ठेवा.”

“असा?”

“असाच. आता थोडं थांबायचं.”

“ह्यात थांबायचंच काम लई दिसतंय, सायेब,” खिलारेदादा म्हणाले.

मी रेडिओ रूमच्या दारात स्ट्रेचरवर पडलो होतो. पाय पोटाशी घेतलेले, कारण ते सरळ केले की उजव्या बाजूला सुरी फिरल्यासारखं व्हायचं. छोट्या खिडकीतून दुपारचा पिवळट उजेड आत येत होता. समोर हणमंत खिलारे उभे होते. आमच्या स्टेशनचे डिझेल मेकॅनिक, माण तालुक्यातले, फौजेच्या वर्कशॉपमधून आलेले. अंगात सुती बनियन, खाली लेंगा, पाय अनवाणी. त्यांच्या त्या रुंद हातात पोस्टकार्डाएवढी चंदेरी पिशवी होती आणि त्या पिशवीत जे होतं, त्याच्यावर मी जगणार की नाही हे ठरायचं होतं.

हे अंटार्क्टिकातलं. नव्वदच्या दशकात मी आपल्या एका हिवाळी तुकडीबरोबर इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन म्हणून गेलो होतो. मी माधव कुरणे, मूळचा मिरजेचा. तिथला उन्हाळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, संपता संपता जहाज आम्हाला सोडून निघून जाई आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे कुणी येऊ शकत नसे. विमान नाही, बोट नाही. जगाशी बोलायला उपग्रहावरून फोन लावायचं एक टर्मिनल आणि एक जुना रेडिओ, एवढंच.

त्या जागेबद्दल लोकांना एक गोष्ट सांगितली तर खरी वाटत नाही. चहूकडे बर्फ, पण हवा मात्र वाळवंटापेक्षा कोरडी. त्यात ती हवा हीटरने तापवून आम्ही घरात घ्यायचो. मग अंगावरच्या लोकरीच्या नि फ्लीसच्या कपड्यांत स्थिर वीज साठायची. स्वेटर काढला की तडतड आवाज. दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी. दोन माणसांनी हात मिळवले की दोघंही “आई गं” म्हणून मागे. माणसाला तो नुसता चिमटा वाटतो, पण यंत्रातल्या सर्किट कार्डावरच्या नाजूक चिपला तेवढ्यात मरण येतं. आणि ज्या ठिणगीचा चिमटासुद्धा बसत नाही, तीही चिप मारू शकते. त्यामुळे मी सारखा ओरडायचो. इथे हात लावू नका, आधी पेटीला शिवा, स्वेटर बाहेर काढून या. सगळे हसायचे. माझ्या खोलीला ‘कुरण्यांचं सोवळं’ असं नाव पडलं होतं. खिलारेदादा तर दारात उभे राहून विचारायचे, “येऊ का आत, का आंघोळ करून येऊ?”

ऑगस्टच्या शेवटी, सूर्य परत दिसायला लागून महिना झाला होता तेव्हा, एक मोठं वादळ आलं आणि त्याच दिवशी माझं पोट दुखायला लागलं. आमचे डॉक्टर विवेक तळवलकर. वयाने माझ्याहून लहान, डोंबिवलीचे. त्यांनी पोट दाबलं, हात झटकन उचलला आणि मी किंचाळलो. त्यांचा चेहरा बघून मला काय ते कळलं.

“अपेंडिक्स,” ते म्हणाले.

“मग काढून टाका.”

ते उठून फोनकडे गेले. नंतर समजलं की ते भूल द्यायला शिकलेले डॉक्टर होते. ऑपरेशनं त्यांनी शेकडो पाहिली होती, पण टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने. पोट उघडणारा माणूस नेहमी दुसराच असायचा.

त्यांनी पुण्याला फोन लावला. त्यांना शिकवणाऱ्या सर्जन बाईंना, डॉक्टर सुमती आगटेंना. बाईंनी सांगितलं, सलाइन आणि अँटिबायोटिक चालू कर, उतरलं तर उतरलं. नाही उतरलं तर उघडावं लागेल. तेव्हा मला फोन कर, मी एकेक पायरी सांगेन. तळवलकर आणखी काही विचारत होते आणि मध्येच आवाज तुटला.

वाऱ्याबरोबर उडणारं बर्फही वीज घेऊन येतं. त्याचे कण अँटेनावर घासत राहतात, वीज साठत जाते आणि केव्हातरी केबलमधून खाली उतरते. तशीच ती उतरली असणार. टर्मिनलमधला एक दिवा विझला. जुना रेडिओ लावला तर नुसती खरखर.

वादळ चालू असताना टर्मिनल दुरुस्त केलं असतं तर ते पुन्हा जळलं असतं, म्हणून थांबावं लागलं. वादळ थांबलं तोवर मला ताप चढला होता. पोट पत्र्यासारखं कडक झालं होतं. तळवलकर म्हणाले, “आता थांबता येणार नाही. पण मला बाई हव्यात. त्यांच्याशिवाय मी हात घालणार नाही असं नाही, घालीन. पण मला त्या हव्यात.”

मला दोघांनी धरून टर्मिनलसमोर बसवलं. कोणतं कार्ड गेलंय ते मी शोधून काढलं. तसंच एक राखीव कार्ड कपाटात होतं. स्टेशनचे प्रमुख बिश्तसाहेब दारात उभे होते. कुमाऊंकडचे भूगर्भशास्त्रज्ञ, पन्नाशीचे, अतिशय मायाळू गृहस्थ. ते हिंदीत बोलायचे, मी इथे मराठीत लिहितोय. “मी आणतो,” म्हणाले आणि धावले.

ते धावतच परत आले. माझा वेळ वाचावा म्हणून येता येताच त्यांनी पिशवी फाडली होती. अंगात जाड फ्लीसचं जाकीट, पायात लोकरी मोजे, आणि कार्ड उघड्या तळहातावर. मी “नको” म्हणेपर्यंत त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. कार्डाची सोनेरी कड पेटीजवळ आली आणि निळी ठिणगी पडली. टच्च. लहानसाच आवाज.

तरीही मी ते बसवून पाहिलं. दिवा लागला नाही.

  बिश्तसाहेब भिंतीला टेकून उभे राहिले आणि आपल्या तळहाताकडे पाहत राहिले.

“अजून एक आहे,” मी म्हणालो. “बाहेरच्या कंटेनरमध्ये. निळ्या पेटीत.”

खिलारेदादा त्या थंडीत जाऊन ते घेऊन आले. पण थंडीतून आणलेली पिशवी लगेच उघडता येत नाही. उबदार हवेत कार्डावर दव धरतं आणि मग तेही जातं. पिशवी खोलीइतकी गरम होईपर्यंत वाट पाहायची होती. तळवलकर माझी नाडी धरून उभे होते. “किती वेळ?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हत्यारं उकळायला निघून गेले.

त्या वाट पाहण्यातच मी कोसळलो. उलट्या झाल्या, हुडहुडी भरली, हात लटपटायला लागले. वेदनेसाठी दिलेल्या इंजेक्शनने डोळ्यांपुढे दोन-दोन टर्मिनलं दिसायला लागली. मी कार्ड बसवू शकणार नव्हतो.

“बिश्तसाहेब, तुम्ही करा,” मी म्हणालो. “मी सांगतो तसं.”

“माझ्या हातून नको,” ते म्हणाले.  “दुसऱ्या कुणालाही सांगा.”

“मी करतो की,” मागून खिलारेदादा म्हणाले. “तुम्ही बोला, मी करतो.”

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. पान्याशिवाय नट सोडवणारे हात. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली.

“दादा, जोर लावायचा नाही यात.”

“मग न्हाई लावत.”

मी म्हणालो, रेडिओ रूममध्ये गरम हवा सोडणारा ब्लोअर बंद करा, वाहत्या हवेनेही वीज साठते. या बोळातून कुणी ये-जा करू नका. आचाऱ्याला सांगा, बोळाच्या टोकाला मोठ्या पातेल्यांत पाणी उकळत ठेव, हवेला जरा ओल येऊ दे. बिश्तसाहेबांनी सगळं ऐकलं आणि ते गेले. खिलारेदादांना मी लोकरीचं सगळं उतरवायला लावलं. हळूहळू घरातले सगळे आवाज बंद झाले. पावलं नाहीत, बोलणं नाही, रोजचं टेपरेकॉर्डरवरचं गाणं नाही. गारठा वाढायला लागला. मला वाटलं, सगळे आपापल्या खोल्यांत जाऊन पडले असतील. माणूस आजारी असला की वाट्टेल ते मनात येतं. मला वाटलं, यांनी माझी आशा सोडली.

“सगळे कुठे गेले, दादा?”

“हायती की,” ते म्हणाले. “तुम्ही हिकडं ध्यान द्या.”

मनगटाला बांधायचा पट्टा माझ्याकडे होता. त्याची वायर टर्मिनलच्या लोखंडी पेटीला जोडलेली. तो बांधला की माणसाच्या अंगातली वीज गुपचूप पेटीत उतरते आणि माणूस, पेटी, कार्ड सगळे एकसारखे होतात. मग ठिणगी पडायला कारणच उरत नाही. पण खिलारेदादांचं मनगट कोरडं, भेगाळलेलं. मीटर लावून पाहिलं तर पट्टा कातडीला लागूनही लागत नव्हता.

“पाणी लावू का?”

“सुकेल लगेच,” मी म्हणालो. तेवढ्यात तळवलकर डोकावले. काय अडलंय ते त्यांनी विचारलं आणि क्षणात परत आले ते हातात ट्यूब घेऊन. हृदयाचा आलेख काढताना छातीला लावतात ती जेली. त्यांनी ती खिलारेदादांच्या मनगटावर चोळली, वर पट्टा आवळला. मीटरचा काटा हलला.

“विवेकसायेब, माझं हृदय बी बघून घ्या त्येच्यातच,” खिलारेदादा म्हणाले. “लई उडतंय.”

त्या दिवसात मी पहिल्यांदा हसलो आणि पोटातल्या कळेने तोंड वाकडं झालं.

मग ते सुरुवातीला सांगितलेलं. पिशवी पेटीला टेकवायची, हात पेटीवर ठेवायचा, थांबायचं.

“आता पिशवी उघडा. सावकाश. फाडायची नाही, सोलायची. कार्ड फक्त कडांना धरा. सोनेरी दातांना बोट लागता कामा नये. वरच्या काळ्या किड्यांसारख्या चिपांनाही नाही.”

“तान्ह्या पोरासारखं?”

“त्याच्याहून हलकं.”

कार्ड बाहेर आलं. त्या हातांमध्ये ते अगदीच चिमुकलं दिसत होतं. खिलारेदादांनी श्वास रोखला होता, हे मला त्यांच्या बनियनवरून दिसत होतं.

“श्वास घ्या, दादा.”

“घेतो मागनं.”

“आता पेटीतल्या दोन खाचांमध्ये कड बसवा. सरकू द्या आत. ढकलू नका, तेच जाईल. शेवटी अडेल.”

“अडलं.”

“आता दोन्ही अंगठे दोन टोकांना. दोन्हींवर सारखा दाब. एक बाजू पुढे, एक मागे असं करायचं नाही.”

“जात न्हाई.”

“थोडा आणखी.”

“सायेब, मोडलं तर?”

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. पण मी खरं तेच सांगितलं. “मोडलं तर दुसरं नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कार्डाकडे वळले आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले. कुलदैवताचं नाव असावं. खट् असा आवाज झाला.

“बटण दाबा.”

पंखा फिरायला लागला. पहिला दिवा लागला, दुसरा लागला. तिसऱ्याने बराच वेळ घेतला.  मग तो हिरवा झाला.

खिलारेदादा खाली बसले. नुसते बसले, मांडी घालून, टर्मिनलसमोर, जमिनीवर.

तळवलकरांनी नंबर फिरवला. मी लांबलचक वायर काढून छोटा स्पीकर नि माइक आधीच ऑपरेशनच्या खोलीपर्यंत न्यायला सांगितले होते. टर्मिनलवरचा आवाज मला दारात पडूनही ऐकू येत होता. पलीकडे घंटी वाजली, ती पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला आणि एक करारी, वयस्क आवाज आला.

“बोल, विवेक.”

 तळवलकर म्हणाले, “बाई, उतरलं नाही.”

“ठीक आहे. पेशंटला टेबलावर घे. मी आहे.”

मला उचलून हॉलमधून न्यायचं होतं, कारण ऑपरेशनची खोली पलीकडे होती. दार उघडलं आणि मी पाहिलं. आमचे सगळे सोबती तिथे होते. जमिनीवर, भिंतीला टेकून, ओळीने बसलेले. कुणाच्याही अंगावर लोकर नव्हती, फ्लीस नव्हतं. सुती बनियन, सुती पायजमे, काहींनी पलंगावरच्या चादरी गुंडाळल्या होत्या. ओठ निळे पडलेले. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. आणि सगळ्यांत शेवटी बिश्तसाहेब, हात गुडघ्यांभोवती बांधून.

मी फक्त एका खोलीचा ब्लोअर बंद करा म्हणालो होतो. पण हवेची नळी सगळ्या घराची एकच होती. ब्लोअर बंद म्हणजे सगळ्या घराचा हीटर बंद. हे मला त्या अवस्थेत सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं होतं. शिवाय कुणी चाललं, कुणाचा स्वेटर कशाला घासला, तर काय होईल कुणास ठाऊक, म्हणून त्यांनी जमेल तेवढं सगळं थांबवलं होतं. चालणं, बोलणं, पत्ते, टेपरेकॉर्डर. ज्याची सोवळेवाला म्हणून रोज थट्टा करायचे, त्याच्यासाठी.

“झालं?” कुणीतरी विचारलं.

“लागला फोन,” तळवलकर म्हणाले.

तेव्हासुद्धा कुणी ओरडलं नाही. एकाने नुसती चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि त्याचे खांदे हलायला लागले.

मला पूर्ण भूल दिली नव्हती. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, त्यामुळे मी सगळं ऐकत होतो. उपग्रहावरून आवाज यायला क्षणभर लागायचा. प्रत्येक प्रश्नानंतर एक छोटी शांतता असायची आणि मग पुण्याहून उत्तर यायचं.

“स्नायू कापायचे नाहीत, विवेक. बाजूला सारायचे. हं. कुणी कडा धरून उभं आहे का?”

“आमचे लीडर आहेत. बिश्तसाहेब. भूगर्भशास्त्रज्ञ.”

“त्यांना म्हणावं, स्वतःला खडक समजा. हलायचं नाही.”

बिश्तसाहेबांना मराठी कळत नव्हतं. तळवलकरांनी हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, “बाईंना सांगा, आज नाही हलणार.”

“मोठ्या आतड्यावर एक पांढरी पट्टी दिसते का?” बाई विचारत होत्या. “तिच्या मागे मागे जा. ती तुला बरोबर घेऊन जाईल. घाई नको. मी कुठे जात नाहीये.”

बराच वेळ नुसती हत्यारांची किणकिण. मग तळवलकर म्हणाले, “मिळालं.”

“कसं आहे?”

“सुजलंय. टोकाला काळं पडलंय. फुटलेलं नाही.”

पलीकडून एक मोठा निःश्वास ऐकू आला. तो इतका स्वच्छ आला की बाई शेजारीच उभ्या आहेत असं वाटलं. “मग वेळेत पोचलास,” त्या म्हणाल्या. “आता बांध आणि काप. पेशंट जागा आहे ना? काय नाव त्यांचं?”

“कुरणे,” मीच म्हणालो.

“कुरणे, रडताय का तुम्ही?”

“हो.”

“रडा. पण पोट हलवू नका.”

टाके पडले. मला परत नेताना बोळात थांबवलं, कारण मी थांबवायला सांगितलं. रेडिओ रूममध्ये खिलारेदादा तसेच बसले होते. हीटर पुन्हा चालू झाला होता, पण त्यांच्या अंगात अजून बनियनच. मनगटाला पट्टा.

“दादा, अजून का बसलात असे?”

“फोन चालू हुता न्हवं. मी उठलो आन् काय झालं असतं तर?”

“पट्टा तरी काढायचा.”

“तुम्ही काढा म्हणाला न्हाईत,” ते म्हणाले. मग माझ्या पोटाकडे बघून हळूच विचारलं, “बसलं का तुमचं बी नीट?”

मी मान हलवली. मी हात पुढे केला. त्यांनी आधी पेटीला हात लावला, मग माझा हात धरला.

उन्हाळ्यात जहाज आलं. परतल्यावर मी आणि खिलारेदादा एकदा मुद्दाम पुण्याला गेलो, आगटेबाईंकडे. पत्ता तळवलकरांनी दिला होता. बाई सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, कॉटनच्या साडीतल्या. मी वाकायला लागलो तर म्हणाल्या, “वाकू नका, आधी शर्ट वर करा, बघू दे.” चष्मा लावून त्यांनी व्रण नीट पाहिला, बोट फिरवून पाहिला. “बरे घातलेत टाके. थोडे दूर दूर आहेत. सांगेन त्याला.”

खिलारेदादा अवघडून खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी सांगितलं, कार्ड यांनी बसवलं. बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि त्यांना जवळची खुर्ची दिली.

“बाई, येक इचारू का?” थोड्या वेळाने खिलारेदादा म्हणाले. “फोन वाजला तसं तुम्ही लगेच विवेकसायेबांचं नाव घेतलं. कोण बोलतंय इचारलं बी न्हाई. कसं काय वळखलंत?”

“त्यात ओळखायचं काय?” बाई म्हणाल्या. “त्याचा फोन मध्येच तुटला, तेव्हाच मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, या नंबरवर कुणी फोन करायचा नाही. मुलाला, सुनेला, दवाखान्याला, सगळ्यांना. भाचीचं लग्न होतं सांगलीला, तिथेही मी गेले नाही. खुर्ची इथे ओढून बसले. मग फोन वाजला तर दुसरा कोण असणार?”

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. कोपऱ्यात तिपाईवर तो काळा फोन होता आणि त्याच्याजवळ वेताची खुर्ची.

“किती दिवस बसलात, बाई?” मी विचारलं.

“तुमचं वादळ थांबेपर्यंत,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.